साक्षीला कोण होतं?

सातारा-सांगलीकडं माणूस कुस्ती बघायला जात नाही, मैदानाला जातो. लग्नाला जातात, मयताला जातात, तसं मैदानाला. या शब्दात हजेरी आहे. तुमचं तिथं असणं कुणाच्या तरी हिशेबात धरलेलं आहे. कुंडलच्या मैदानाहून किंवा कोल्हापूरच्या खासबागेतून माणूस गावात परतला की पारावर त्याला पहिला प्रश्न व्हायचा, "निकाली झाली का सोडवली?" आणि लगेच दुसरा, "तू बघितलीस का?" म्हणजे खांदे मातीला लागलेले तुझ्या डोळ्यांनी बघितलेस, की नुसता गलका ऐकून आलास? जत्रेचं मैदान असो नाहीतर उरुसाचं, हे दोन प्रश्न सगळीकडं सारखेच.

आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या मुलखात बाद फेरीचा सामना बघायला जाणाऱ्या माणसाबद्दल. सामना फुटबॉलचा. पण सातारा जिल्ह्यातल्या माणसानं आंतरराष्ट्रीय सामन्याबद्दल तोंड उघडायचं, तर सुरुवात गोळेश्वरपासूनच करावी लागते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोल्हापूर दरबार होता. मातीत वाढलेला हा पोरगा तिथं गादीवर खेळला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थानं विलीन झाली होती. पैसा उभा करायचा कुणी? गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या काळातले सात हजार! खाशाबा गेले आणि बँटमवेट गटात ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनवरून त्यांची मिरवणूक निघाली, शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या, हे सगळं आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पुढं खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं, हेही सांगितलं जातं.

त्या गोष्टीतला एक भाग मात्र मिरवणुकीच्या धुरळ्यात झाकला जातो. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी अशा देशांच्या मल्लांना हरवून खाशाबा शेवटच्या टप्प्यात पोचले. तिथं जपानच्या शोहाची इशी यांच्याबरोबर त्यांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती ते हरले. इशी पुढं सुवर्णपदक घेऊन गेले. ही कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम तिथं बोलून दाखवणारा भारताचा एकही अधिकारी त्या वेळी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या हरण्यापेक्षा त्या रिकाम्या जागेचं वाईट वाटलं. साऱ्या गावानं पैसा गोळा केला, एका प्राचार्यानं घर पणाला लावलं. त्या पैशात एका माणसाचं जाणं बसलं. त्याच्या बाजूनं उभा राहून "थांबा, याला दम खाऊ द्या" म्हणणारा दुसरा माणूस त्यात बसला नाही. आपल्या कुठल्याही साध्या गावजत्रेत असं घडलं असतं, तर फडाच्या कडेनं चारशे माणसं उठली असती. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली असती. पंचाला ऐकावं लागलं असतं. हेलसिंकीत खाशाबांच्या मागं कुणी नव्हतं.

त्याच हेलसिंकीत आपला फुटबॉल संघही होता. त्यातले बरेच जण अनवाणी खेळले. युगोस्लाव्हियानं त्यांना पहिल्याच सामन्यात १० विरुद्ध १ असं हरवलं आणि स्पर्धेतून बाद केलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५० साली, ब्राझीलच्या विश्वचषकात खेळायची संधी चालून आली होती, पण संघ गेलाच नाही. बूट घालायचे नव्हते म्हणून गेले नाहीत, ही त्यातली लोकांना आवडणारी गोष्ट. लांबचा समुद्रप्रवास, सरावाला अपुरा वेळ, निवडीवरून मतभेद आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं मानण्याची त्या काळची समजूत ही खरी कारणं. चार वर्षांनी हा संघ १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, आणि त्यातले तीन गोल मूळच्या गोव्याच्या, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांचे. आपल्या मराठी मुलखाच्या जवळचं असं ते नाव. पण मेलबर्नच्या त्या बाद फेरीला इथून कोण जाणार? संघालाच जाणं परवडत नव्हतं, तिथं प्रेक्षकाची काय कथा.

याला एक अपवाद सांगतो, आणि तो फार विलक्षण आहे.

१९६२ साली जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने त्याच स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं घेऊन आले, म्हणून आपल्याकडं जकार्ता म्हटलं की माने आठवतात. पण ४ सप्टेंबरला तिथं फुटबॉलचा अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. इंडोनेशियानं त्या स्पर्धेत इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं. भारताचे जी. डी. सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि जकार्ता आपल्यावर उलटलं. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. आपले खेळाडू बाहेर पडताना जपून राहू लागले. अशा वातावरणात सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये आपला संघ उतरला तेव्हा हुर्यो झाली, राष्ट्रगीत चालू असतानाही थांबली नाही.

याच कोरियानं आधी साखळीत आपल्याला २-० असं हरवलं होतं. प्रशिक्षक हैदराबादचे रहीमसाहेब. आजारानं आतून पोखरलेले, पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला बचावातून काढून आघाडीला खेळवला होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले आणि सामना आपण २-१ असा जिंकला. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या संघातल्या खेळाडूंनी पुढं आयुष्यभर सांगितलेली आठवण अशी की, त्या लाखभर विरोधी आवाजांत एका कोपऱ्यातून भारतासाठी टाळ्या येत होत्या. तिथं पाकिस्तानचा हॉकी संघ बसला होता. हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याला २-० असं हरवलं होतं, त्यांचं काम झालं होतं. आणि तरी ते येऊन बसले आणि आपल्या बाजूनं ओरडले. ते काही पदरचे पैसे खर्चून आलेले शौकीन नव्हते, पण त्या संध्याकाळी प्रेक्षकाचं काम त्यांनीच केलं. जिंकलेल्या माणसांना सत्तर-ऐंशीव्या वर्षीही तो कोपरा आठवत होता, यावरून त्या मूठभर टाळ्यांची किंमत काय ती समजावी.

आता आपण मधली पंचावन्न वर्षं ओलांडून नेरूळला येऊ.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. कोणत्याही वयोगटाचा फुटबॉलचा विश्वचषक आपल्या देशात येण्याची ही पहिलीच वेळ. त्या आधीच्या महिन्यात, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा घाट घातला होता. सातारा-सांगलीच्या शाळांच्या पटांगणांवर त्या दिवशी जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. कबड्डी-खोखोचे शिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून फुटबॉल शिकवत होते आणि पोरं एकाच चेंडूमागं मोहोळ उठल्यासारखी धावत होती. कोल्हापूरच्या पेठांना फुटबॉलचं वेड पिढीजात आहे, तिथं तालमींचेच संघ आहेत. आपल्याकडं तसं नाही. पण कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या त्या संघात होता, त्यामुळं निम्मी आपुलकी आपोआप आली. आपला संघ दिल्लीत तिन्ही सामने हरला आणि बाहेर पडला. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं मारलेला एक गोल तेवढा हाती राहिला.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २५ ऑक्टोबरला उपांत्य सामना होता. माझ्या भाच्यानं चार तिकिटं आधीच काढून ठेवली होती. छापील तिकीट हातात घेऊन तो मला म्हणाला, "मामू, यावर संघांची नावंच नाहीत की!"

बाद फेरीच्या प्रेक्षकाची ही खरी गंमत आहे. तुम्ही पैसे मोजता ते एका तारखेसाठी आणि एका खुर्चीसाठी. कोण खेळणार, ते तुमच्या हातात नाही. ज्याच्यासाठी निघालात तो तीन दिवस आधी घरी गेलेला असतो. आपल्याकडच्या मैदानाच्या जाहिरातीत जोड आधी छापलेली असते, अमुक विरुद्ध तमुक, इनाम इतकं. इथं पाटी कोरी. २१ ऑक्टोबरला गुवाहाटीत मालीनं घानाला हरवलं, २२ला कोचीत स्पेननं इराणला, तेव्हा कुठं आमच्या तिकिटावरची नावं ठरली. आमचं तरी ठिकाण जागेवर राहिलं. त्याच दिवशीचा ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना गुवाहाटीला व्हायचा होता, तो पावसानं मैदान खराब झालं म्हणून दोनच दिवस आधी कोलकात्याला हलवला. गुवाहाटीची तिकिटं काढून निघालेल्या माणसांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. ऐन सणात राज्यभर चाललेला एसटी कर्मचाऱ्यांचा चार दिवसांचा संप न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला होता आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या होत्या. आम्ही पहाटेची साताऱ्याहून सुटणारी गाडी धरली. खंबाटकी, पुणे, लोणावळा, मग खाली घाट. हा रस्ता आमच्या जिल्ह्यानं फुटबॉलच्या आधी फार वर्षं तुडवलेला आहे. पाटण आणि जावळीकडची माणसं मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहायला गेली, पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुढं बाजार वाशीला आला तशी ही माणसंही नवी मुंबईत आली. त्यामुळं साताऱ्याच्या माणसाला नेरूळला सामना बघायचा असेल तर हॉटेल शोधावं लागत नाही. आमच्या ओळखीचे एक माथाडी कोपरखैरणेला राहतात. त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे टेकलो. वहिनींनी दिवाळीच्या उरलेल्या चकल्या पुढं ठेवल्या आणि विचारलं, "कुणाची मॅच हाय म्हनं?" भाचा म्हणाला, "माली आणि स्पेन." "आन् आपली?" "आपली न्हाई." वहिनी हसल्या. एवढ्या लांब, आपली नसलेली मॅच बघायला! पण वहिनी, जकार्ताचा तो कोपराही असाच होता की.

स्टेडियम मूळचं क्रिकेटचं, २००८ साली सुरू झालेलं. त्या रात्री ३७ हजारांवर माणसं होती. आम्ही कुणाच्या बाजूचे, हे आत शिरेपर्यंत ठरलं नव्हतं. आत गेल्यावर ते न ठरवता ठरलं. आमच्या रांगेत सगळे मालीचे झाले. का, ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. स्पेनची पोरं मोठ्या क्लबांच्या शाळांतून घडलेली, चेंडू पायाला बांधल्यासारखी फिरवणारी. मालीची पोरं धावत होती, पडत होती, परत धावत होती. मैदानाला बसलेला आपला माणूस अंगानं कमी दिसणाऱ्या मल्लाच्या मागं उभा राहतो, तसं काहीसं असावं.

मध्यंतरापर्यंत स्पेनच्या आबेल रुइझनं दोन गोल केले होते, त्यातला पहिला पेनल्टीवर. दुसऱ्या डावात साधारण तासाभराच्या सुमाराला मालीच्या दुकुरेनं लांबून एक फटका मारला. चेंडू वरच्या आडव्या खांबाला खालून लागला, जमिनीवर आपटला आणि बाहेर आला. मालीची पोरं हात वर करून पंचांकडं धावली. पंचांनी खेळ चालू ठेवला.

आम्ही दुसऱ्या टोकाला, वरच्या बाजूला होतो. आम्हाला दिसला तो फटका आणि बाहेर आलेला चेंडू. मधलं काही दिसलं नाही. गलका मात्र एवढा झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. साताऱ्याहून त्याचा मित्र. टीव्हीवर परत परत दाखवत होते, आणि तो ओरडत होता, "आत होता! चांगला हातभर आत होता!"

अडीचशे किलोमीटर प्रवास करून, तिकीट काढून, आम्ही मैदानाला बसलेलो, आणि साक्ष साताऱ्यात घरी चटईवर बसलेल्या पोराकडं. पारावरच्या दुसऱ्या प्रश्नाला त्या रात्री माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फुटबॉलचा नियम तसा सोपा आहे. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडं गेला पाहिजे, मग तो जमिनीवर असो वा हवेत. खांदे लागले पाहिजेत, तितकंच हे स्पष्ट. अडचण बघणाऱ्याची आहे. रेषेवर उभं कुणीच नसतं. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या बाद फेरीत इंग्लंडच्या लॅम्पार्डचा असाच फटका जर्मनीविरुद्ध रेषेच्या आत पडून बाहेर आला आणि गोल मिळाला नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला की २०१४च्या विश्वचषकात रेषेवर नजर ठेवणारे कॅमेरे आले. पोरांच्या या स्पर्धेत ते नव्हते. गोल दिला असता तर २-१ झाले असते. तो नाही मिळाला, स्पेनच्या फेरान टोरेसनं तिसरा केला, मालीच्या लसाना एनदियायेनं लगेच एक फेडला आणि ३-१ असा सामना संपला. गोल मिळाला असता तर माली जिंकली असती, असं मी म्हणणार नाही. स्पेनचा संघ सरस होता. पण खाशाबांना अर्धा तास मिळाला असता तर ते सोव्हिएत मल्लाला हरवते, असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मिळायचं ते मिळालं नाही, इतकंच दोन्हीकडं खरं.

फरक एवढाच की हेलसिंकीत कुणाला काही बोलता आलं नाही, आणि नेरूळला ३७ हजार माणसं बोलत होती आणि त्याचा उपयोग झाला नाही. गावच्या फडात गलक्याला वजन असतं, कारण पंच त्याच गावचा असतो, त्याला उद्या त्याच पारावर बसायचं असतं. आंतरराष्ट्रीय सामन्यातला पंच गलका ऐकू लागला तर खेळ संपेल. जकार्तात त्या दिवशी पंच लाखभर लोकांचं ऐकता तर आपलं सुवर्ण गेलं असतं. म्हणजे प्रेक्षकाचं ऐकू नये, हेच बरोबर आहे. हे मला पटतं. आणि तरी खाशाबांच्या मागं दोन माणसं हवी होती, हेही पटतं. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

सामना संपल्यावर बरेच लोक लगेच उठले नाहीत. मालीची पोरं मैदानावर बसून होती. कुणी तोंड जर्सीत घातलेलं. टाळ्या सुरू झाल्या त्या हरणाऱ्यांसाठी, आणि बऱ्याच वेळ चालल्या. तीन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ती पोरं कोलकात्यात ब्राझीलकडून हरली. त्याच दिवशी इंग्लंडनं अंतिम सामन्यात स्पेनला ५-२ असं हरवलं. सगळ्या स्पर्धेला मिळून साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले, तोवरच्या कुठल्याही सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापेक्षा जास्त. भारत तीन सामन्यांत बाहेर पडलेला असूनही.

आम्ही मध्यरात्रीनंतर कोपरखैरणेला पोचलो. पहाटे यजमान बाजारात कामाला निघाले तेव्हा आम्हीही त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. वाटेत त्यांनी निकाल विचारला, भाच्यानं त्या फटक्याची हकीकत सांगितली. ते चालता चालता म्हणाले, "मग दाद मागितली का न्हाई कुनी?" युनियनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार.

२०२४च्या जुलैत बर्लिनमध्ये स्पेननं युरो करंडक जिंकला. त्या संघात फेरान टोरेस होता, आणि भाचा घरात सगळ्यांना सांगत सुटला, "हा आम्ही नेरूळला बघितलेला." मालीच्या पोरांबद्दल मात्र तो एवढंच म्हणतो, "मामू, तो आत होता." आता तो शाळांच्या स्पर्धांत कडेला झेंडा घेऊन उभा राहतो. मानधन किरकोळ, शिव्या भरपूर. मागच्या हिवाळ्यात एका सामन्याला मी गेलो होतो. पोरांचे आईबाप आणि काकामामा रेषेला खेटून उभे होते, आणि तो त्यांना हातानं मागं सारत होता, "सरका जरा, मला रेषा दिसंना."